नळ गेला तरी चालेल, एल्बो राहिला पाहिजे

काल रात्री तू फोनवर म्हणालीस, "आबा, नळ जागचा हलत नाही. शेजारच्या काकांनी पण जोर लावून बघितला. आता उद्या मोठा पाना आणतो म्हणाले." मोठा पाना म्हटल्यावर माझ्या पोटात धस्स झालं. म्हणून तुला म्हटलं, आज कुणी हात लावू नका, मी सगळं नीट लिहून पाठवतो. फोनवरचं बोलणं विसरायला होतं, आणि काम करताना तुझे दोन्ही हात अडकलेले असणार. हे कागद ओट्यापासून लांब, कोरड्या जागी ठेव आणि एकेक टप्पा वाचत कर.

पोरी, सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. तुला काढायचाय नळ, पण जपायचाय तो एल्बो. तुझ्या ओट्यावरचा नळ भिंतीतून येतो. टाइलच्या मागे, गिलाव्यात, जीआयच्या पाइपाला एक एल्बो लावलेला असतो आणि त्याच्या तोंडात नळाचे आटे बसलेले असतात. नळ मोडला तर नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात दुसरा मिळतो. एल्बो तडकला तर टाइल फोडा, गिलावा फोडा, पाइप कापा, नवे आटे पाडा, पुन्हा गिलावा करा. तुमच्या बिल्डिंगला पस्तीस वर्षं झाली, तसल्या टाइला आता शोधून मिळायच्या नाहीत. म्हणून हात घालताना दर वेळी स्वतःला विचारायचं, आत्ता मी जो जोर लावतेय तो कुठे जातोय? नळाच्या आट्यावर, की भिंतीतल्या पाइपावर?

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी फिटिंग खात्यात बदली हेल्पर होतो. संप लांबत गेला. आमच्या खात्यातले वस्ताद लालबाग-परळच्या चाळींमधून नळदुरुस्तीची कामं घ्यायला लागले आणि मी त्यांची पिशवी उचलायला लागलो. एका मावशींची खानावळ होती, दुसऱ्या मजल्यावर. पंचवीस-तीस माणसं जेवायची, बहुतेक सगळी संपातलीच, म्हणजे उधारीवर. त्यांचा मोरीतला नळ गळत होता. वस्ताद दुसऱ्या कामावर गेलेले, मला म्हणाले तू नळ सोडवून ठेव. नळ काही सुटेना. मी अठरा इंची पाना लावला, त्याच्या दांड्यात हातभर लांब पाइपाचा तुकडा सरकवला आणि सगळ्या अंगानं रेटलं. 'कट्' असा आवाज आला. मला वाटलं, सुटला! नळ निघाला, नवा बसवला, मावशींनी चहा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल. एल्बो चिरला होता आणि पाणी भिंतीतल्या भिंतीत उतरत होतं. चार दिवस मावशींनी तळमजल्यावरून कळश्या भरून वर नेल्या आणि तेवढ्या माणसांचा स्वयंपाक केला. आम्ही दोघांनी भिंत फोडली. वस्ताद मला एका शब्दानं बोलले नाहीत. काम संपल्यावर तो काढलेला एल्बो त्यांनी माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "हा जवळ ठेव." तो अजून माझ्या हत्यारांच्या पेटीत आहे. पुढच्या वेळी आलीस की बघ. आट्यांच्या तोंडापासून मागं गेलेली चीर आहे, केसाइतकी. नख फिरवलं तरच कळते.

आता नळ एवढा का धरून बसतो ते सांगतो, कारण ते कळलं की उपाय आपोआप सुचतो. पाइप आणि एल्बो लोखंडाचे, वर जस्ताचा मुलामा. नळ पितळेचा. दोन वेगळ्या धातूंमध्ये पाणी आलं की त्यातला एक धातू झिजत जातो. इथे आधी जस्त जातं, मग लोखंडाची पाळी येते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून आट्यांच्या फटीत तो ठासून भरतो. तुमच्याकडे वर्षानुवर्षं बोअरचं आणि टँकरचं पाणी टाकीत पडतंय, त्यातला चुना पांढऱ्या थरानं बसलाय तो वेगळाच. आणि तिसरी गोष्ट म्हणजे जुन्या लोकांची बांधणी. तेव्हा टेफलॉन टेप सगळीकडे नव्हती. आट्यांवर तागाचा धागा गुंडाळायचा, त्यावर सफेदा फासायचा आणि आवळायचं. ते वाळलं की दगड होतं. सफेद्यात तेव्हा शिसं असायचं, म्हणून जुना सफेदा खरवडताना भांडी, पीठ-मीठ सगळं ओट्यावरून हलव, भुकटी फुंकू नकोस, ओल्या फडक्यानं टिप आणि हात साबणानं धू.

म्हणजे तुझं भांडण आवळलेल्या नळाशी नाहीच. गंज, चुना आणि सफेदा यांच्या पापुद्र्याशी आहे. तो पापुद्रा एकदा तडकला की नळ पोराच्या हातानेही फिरेल.

कामाची वेळ नीट निवड. रविवारी संध्याकाळी हा उद्योग कधीच सुरू करायचा नाही. दुकानं बंद, प्लंबर गावाला, आणि घरात पाणी नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला, दुकान उघडलं की सुरू कर. काम सुरू करायच्या आधीच नवा नळ, टेफलॉन टेपची दोन रिळं, एक अर्धा इंची प्लग आणि एक-दोन एक्स्टेन्शन निपल घरात आणून ठेव. प्लग फार महत्त्वाचा. काही बिघडलं तर एल्बोच्या तोंडात प्लग मारता येतो आणि बिल्डिंगचं पाणी सुरू करता येतं. प्लग नसेल तर वरच्या-खालच्या चार बिऱ्हाडांचं पाणी तू अडवून बसशील.

पाणी बंद करण्याबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण इथेच माणसं घसरतात. तुमच्या बाथरूमच्या माळ्यावर चाकाचा व्हॉल्व्ह आहे, मी बघितलाय. तो कित्येक वर्षांत कुणी फिरवला नसेल. सहज फिरला तर फिरव, नाही फिरला तर त्याच्याशी झटू नकोस. जुन्या व्हॉल्व्हचा दांडा आतल्या आत तुटतो आणि मग एकाच्या जागी दोन कामं होतात. सरळ सेक्रेटरींना सांग, वॉचमनला गच्चीवर पाठव आणि टाकीकडून तुमच्या लाइनीवर येणारा व्हॉल्व्ह बंद करून घे. जिन्यात चिठ्ठी लाव, शेजाऱ्यांना बादल्या भरून घ्यायला सांग. मग बाथरूममधला सगळ्यात खालचा नळ उघडून ठेव आणि धार पूर्ण थांबेपर्यंत थांब. थेंबसुद्धा थांबला पाहिजे. आणखी एक विचारून घे. काही जुन्या बिल्डिंगांत स्वयंपाकघरातला एक नळ टाकीवर नसतो, थेट म्युनिसिपालिटीच्या लाइनीवर असतो आणि ठरलेल्या वेळेलाच त्याला पाणी येतं. गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करून त्याला काही फरक पडत नाही. तुझा नळ तसला निघाला तर पाण्याची वेळ संपल्या संपल्या काम सुरू करायचं, म्हणजे पुढच्या वेळेपर्यंत हाताशी तास असतात.

हत्यारं फार लागत नाहीत. एक स्क्रू-पाना, एक बारा इंची पाइप पाना, छोटी हातोडी, पोलादी तारेचा ब्रश, करवतीचं सुटं पातं, टॉर्च, जुने टॉवेल आणि डोळ्यांवर चष्मा. पाइप पान्याला आम्ही स्टिल्सन म्हणायचो. तो काढणारा डॅनियल स्टिल्सन अमेरिकेतला, त्याचं पेटंट १८६९ सालचं. जितका जोर लावशील तितके त्याचे दात आत रुततात, ही त्याची करामत, आणि तोच त्याचा धोका. त्याला थांबायचं कळत नाही, ते आपल्याला कळावं लागतं. काकांनी तो मोठा पाना आणलाच तर त्यांना परत नेऊन दे. गोड बोलून, पण दे. दांडा जितका लांब तितकी ताकद वाढते. एका फुटावर लावलेला दहा किलोचा जोर तीन फुटांच्या दांड्यावर तिप्पट होऊन पोचतो, आणि तो एल्बोलाही पोचतो. लपलेल्या एल्बोवर बारा इंचांपेक्षा मोठं काही लावायचं नाही आणि दांड्यात पाइप तर मुळीच घालायचा नाही.

आता खरं काम. ते आदल्या दिवशी संध्याकाळीच सुरू होतं.

भिंतीला टेकलेली गोल वाटी दिसते ना, ती फ्लँज. तुमच्याकडे टाइल बसवणाऱ्यानं वाटीच्या कडेनं पांढरं सिमेंट भरलंय, काही ठिकाणी रंगही चढलाय. करवतीच्या पात्याच्या टोकाला चिंधी गुंडाळून धर आणि कडेकडेनं तो सांधा हळूहळू कोरून काढ. घाई केलीस तर टाइलचा टवका उडेल. वाटी सुटली की ती नळाकडे पुढे सरकव. मागे नळाचे आटे एल्बोत शिरतात ती जागा दिसेल, अंधारी, गंजानं तांबूस, कडेला पांढरे चुन्याचे खडे. टॉर्च लावून नीट बघ. पूर्ण कामात बघण्यात जाणारा वेळ सगळ्यात कमी आणि सगळ्यात उपयोगाचा.

चुन्याचा थर जाड असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवलेली चिंधी त्या जागी गुंडाळून दोन-तीन तास ठेव. बारीक बुडबुडे आले की समज चुना विरघळतोय. संडास धुवायचं अ‍ॅसिड मात्र आणू नकोस. ते जस्त खातं, पितळ खातं, आणि बंद स्वयंपाकघरात त्याचा धूर छातीत जातो. चुना गेला की जागा कोरडी करून गंज सोडवायचं तेल मार. आमच्या वेळी रॉकेल असायचं, आता फवाऱ्याचे डबे मिळतात. डब्ल्यूडी-४० सगळ्यांना माहीत असतं. ते १९५३ साली अमेरिकेत निघालं, ते धातूवरचं पाणी हटवून गंज टाळण्यासाठी, आणि चाळिसाव्या प्रयत्नाला जमलं म्हणून ४०. त्यानेही काम होतं, पण दुकानात गंज सोडवण्यासाठीच बनवलेलं तेल मिळालं तर ते घे. ते फटीत जास्त खोल उतरतं. कुठलंही तेल असो, त्याला वेळ द्यावा लागतो. संध्याकाळी मार, झोपण्यापूर्वी पुन्हा मार, सकाळी उठल्यावर आणखी एकदा. वस्ताद म्हणायचे, तेलाला रात्रपाळी द्यायची आणि आपण झोपायचं. मारण्याआधी गॅस बंद कर, खिडकी उघड, त्या रात्री शेगडी पेटवू नकोस. बाहेरून जेवण मागव.

सकाळी पहिल्यांदा हातोडी. नळाच्या अंगावर, भिंतीच्या जवळ, गोल फिरत टक टक टक अशी हलकी टोकरायची. चोचीवर मारायचं नाही, ती वाकते आणि झटका आत जातो. दरवाजावर कुणी बोटानं टकटक करावं तेवढाच जोर. वीस-पंचवीस वेळा. कंपनानं गंजाच्या पापुद्र्याला बारीक भेगा पडतात आणि तेल आत शिरतं. धाड धाड केलंस तर भेग पापुद्र्याऐवजी एल्बोला पडेल.

मग पेन्सिल घे. नळाच्या अंगावरून टाइलवर जाणारी एक सरळ रेघ ओढ. ही रेघ तुला खरं-खोटं सांगणार आहे, ते पुढे बघू.

सिंकमध्ये टॉवेलची घडी टाक, म्हणजे पाना निसटला तर सिंक आणि हात दोन्ही वाचतील. नळाच्या अंगाला भिंतीजवळ चपटे कोन असतील तर स्क्रू-पाना चालतो, अंग गोल असेल तर पाइप पाना लागतो. पकड भिंतीच्या जितकी जवळ जमेल तितकी जवळ. चोच धरून पिळायचं नाही, ते सगळेच करतात आणि चोच हातात येते. नळाकडे तोंड करून उभी राहिलीस की सोडायची दिशा घड्याळाच्या काट्याच्या उलट. दांडा डावीकडे, दहा वाजल्यासारखा तिरका ठेव. पान्याचं उघडं तोंड खाली, म्हणजे दाबायच्या दिशेला. उलटा धरलास तर दात धरत नाहीत. दांड्यावर मूठ वळू नकोस, तळवा उघडा ठेवून दाब. निसटला तरी बोटांची सालं भिंतीवर निघणार नाहीत.

आणि आता कानात सांगण्यासारखी गोष्ट. आधी सोडायला जाऊ नकोस, आधी आवळ. केसभर. पान्याचं तोंड उलटं करून घड्याळाच्या दिशेनं थोडासा, अगदी थोडासा जोर दे. नळ इतकी वर्षं ज्या बाजूला दाबून बसलाय, त्याच बाजूला तो जरा सरकतो आणि पापुद्रा तडकतो. मग सोडायच्या दिशेनं दाब. पुन्हा केसभर आवळ, पुन्हा सोड. एका दमात रेटण्यापेक्षा या मागं-पुढं करण्यानं मी जास्त नळ सोडवलेत. झटके द्यायचे नाहीत. जोर वाढवायचा तो हळूहळू, श्वास सोडत, आणि कान नळाशी.

हो, कान. सुटणारा आटा 'कर्रर्र' असा रडतो, सुक्या दारासारखा. तो आवाज आला की तिथेच थांब, तेल मार, मागं घे, पुन्हा पुढे. 'कट्' असा एकच कोरडा आवाज आला तर हात काढ आणि बघ. कधी तो पापुद्रा तडकल्याचा असतो, कधी माझ्या त्या एल्बोसारखा. आणि हाताला लागतं ते वेगळंच. आटा सरकला तर तो सरकलेला राहतो. पाइप पिळला जात असेल तर हात सोडताच नळ स्प्रिंगसारखा मागे येतो. तुझी पेन्सिलची रेघ बघ. जोर काढल्यावर नळावरची रेघ टाइलवरच्या रेघेशी पुन्हा जुळली तर आटा हललेला नाही, भिंतीतला पाइप पिळतोय. थांब.

समजा नळ फिरतोय. तेवढ्यावर खूश होऊ नकोस. नळ एल्बोतून सुटतोय की एल्बोच पाइपावरून फिरतोय? हे ओळखायला एक हिशोब सांगतो. आपण 'अर्धा इंची नळ' म्हणतो, पण मोजलास तर त्याच्या आट्यांचा बाहेरचा व्यास जवळपास २१ मिलिमीटर भरतो. अर्धा इंच हे नुसतं नाव. त्यावर एका इंचात १४ आटे असतात. म्हणजे एक पूर्ण फेरा झाला की नळ पावणेदोन मिलिमीटरच्या जरा पुढे बाहेर यायला हवा. दोन फेऱ्यांत साडेतीन. पट्टी लावून मोज. नळ दोन फेरे फिरला आणि भिंतीपासूनचं अंतर तेवढंच राहिलं, किंवा कडेनं गिलाव्याची भुकटी गळायला लागली, तर एल्बो फिरतोय. तिथे आपलं काम संपलं. प्लंबरला बोलाव. तो एक टाइल काढून एल्बोला मागून दुसऱ्या पान्यानं धरेल आणि मग नळ सोडेल. दोन पाने, एक धरायला, एक फिरवायला, हीच खरी पद्धत. आपण एका पान्यानं करतोय ते फक्त टाइल वाचावी म्हणून.

तेल, हातोडी, आवळ-सोड, सगळं करून नळ ढिम्म असेल तर गरम पाण्याचा उपाय आहे. ब्लो-लॅम्प घेऊन कुणी आलं तर दारातूनच परत पाठव. गॅसची नळी तिथेच, लाकडी कपाटं तिथेच, वर तू तेल मारलेलं. शिवाय तुमच्या बिल्डिंगमध्ये कुणी मधल्या काळात सीपीव्हीसीचा पाइप जोडला असेल तर तो आगीनं मऊ पडेल. गरम पाणी पुरे. पितळ तापलं की लोखंडाच्या सुमारे दीडपट फुगतं. म्हणून गरम असताना नळ आणखीच घट्ट बसतो, तेव्हा ओढायचं नाही. उकळत्या पाण्यात बुडवलेलं जाड फडकं चिमट्यानं धरून नळावर गुंडाळ, पाच मिनिटं ठेव, मग काढून गार पाणी ओत. पितळ लोखंडापेक्षा जास्त आक्रसतं आणि मधला थर तडकतो. असं तीनदा कर, मग तेल, मग पाना. 

वाईटातलं वाईट म्हणजे नळ मोडतो आणि आट्यांचं कडं एल्बोतच राहतं. घाबरू नकोस, एल्बो शाबूत आहे तोवर काहीही बिघडलेलं नाही. जुन्या कानशीचं चौकोनी शेपूट त्या कड्यात हलकं ठोकून बसवायचं आणि पान्यानं उलट फिरवायचं. पुष्कळदा कडं त्याच्याबरोबर येतं. कानस ठिसूळ असते, तुकडा उडतो, म्हणून चष्मा हवाच. नाही आलं तर करवतीचं पातं आत घालून कड्याला आतून आडव्या, म्हणजे भिंतीत जाणाऱ्या दिशेनं, दोन चिरा पाडायच्या, बोटभर अंतरावर. खाली पांढरा कागद धर आणि पडणारा चुरा बघत राहा. पिवळा चुरा पडतोय तोवर तू नळ कापते आहेस. चुऱ्यात करडा कण दिसला की पातं एल्बोला लागलं, तिथेच थांब. मग दोन चिरांमधला तुकडा छन्नीनं आत वळवून काढला की बाकीचं कडं सैल पडतं. या कामाला मला कधी तास लागलाय, कधी अख्खा दिवस. कडं आत असेपर्यंत प्लग बसत नाही, तेव्हा धीर धरवत नसेल तर प्लंबरला बोलाव.

जाता जाता, सिंकच्या कडेवर उभा नळ असलेल्या तुझ्या मैत्रिणीनं विचारलं होतं. तिचं प्रकरण वेगळं. तिथे भिंत नाही, सिंकच्या खाली एक मोठा नट असतो आणि तो जाम होतो. खाली आडवं पडून वर बघताना जसा दिसतो तसा, घड्याळाच्या उलट फिरवायचा. हात शिरत नसेल तर लांब दांड्याचा बेसिन पाना मिळतो. गंज तोंडावर पडतो, डोळे झाक. आणि तो नट पुन्हा वापरायचा नाहीच, तेव्हा सुटत नसेल तर कापून टाकायला तिला सांग. तिथे जपण्यासारखं काही नाही, सिंक सोडून.

आता पुन्हा तुझ्या नळाकडे. नळ निघाला की लगेच नवा लावायला धावू नकोस. एल्बोच्या तोंडात टॉर्च मार. आटे दिसतायत का? तारेच्या ब्रशनं जुना ताग, सफेदा, गंज साफ कर, चिंधीनं पुस. आटे धारदार दिसले तर देवाची कृपा. आटे भुगा होऊन पडत असतील, तर पाइपच संपत आलाय, नुसता नळ बदलून वर्षभरही निभणार नाही. तेव्हा प्लग मारून लाइन बदलायचा विचार कर, मी आणि तुझे बाबा बसून ठरवू.

आटे चांगले असतील तर बादली धर आणि वॉचमनला गच्चीवरचा व्हॉल्व्ह क्षणभर उघडायला सांग. तांबडं, खडेदार पाणी येईल. ते येऊ दे. हे न करता नवा नळ लावला तर तो सगळा कचरा त्याच्या जाळीत आणि आतल्या पट्ट्यांत जाऊन बसतो आणि महिन्याभरात लोक म्हणतात, नवा नळ खराब निघाला.

टेफलॉन टेप गुंडाळताना नळाच्या आट्यांचं तोंड तुझ्याकडे कर आणि घड्याळाच्या दिशेनं, ताणून गुंडाळ. उलट गुंडाळलीस तर आवळताना टेप गोळा होऊन बाहेर येते. पहिला आटा मोकळा सोड. जुन्या एल्बोला दहा-बारा फेरे लागतात. फार जाड केलीस तर आवळताना एल्बोवर आतून ताण येतो, आणि तो आपल्याला जपायचाय. फ्लँज आधी घाल! माणसं नळ आवळून बसतात आणि वाटी ओट्यावर राहते. नळ आधी हातानं फिरव, निदान तीन फेरे हातानं जायला हवेत. तिरका चढला असेल तर पहिल्याच फेऱ्यात अडेल, तेव्हा काढून पुन्हा लाव. मग फडकं लावून पान्यानं आवळ. चोच खाली आली की थांब. चोच जरा पुढे गेली तर मागे फिरवायची नाही, मागे घेतलेला सांधा गळतो. एकतर पूर्ण फेरा पुढे जाऊ दे, जोर न लावता जात असेल तरच, नाहीतर काढून टेप बदल. नळ भिंतीत फार आत जात असेल तर तेवढ्यासाठी एक्स्टेन्शन निपल आणून ठेवलंय.

पाणी सुरू करताना गच्चीवरचा व्हॉल्व्ह हळू उघडायला सांग आणि तुझा नळ अर्धा उघडा ठेव, म्हणजे पाइपातली हवा निघून जाईल. पहिलं पाणी पाच-दहा मिनिटं वाहू दे, बादलीत धर, झाडांना नको, फरशी धुवायला वापर. तेलाचा वास गेला की मग प्यायला.

वाटी पुढे सरकवून ठेव, भिंतीला लगेच चिकटवू नकोस. सांध्याखाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद चिकटपट्टीनं लाव आणि झोप. डोळ्याला न दिसणारी ओल कागदावर दिसते. सेकंदाला एक थेंब म्हटलं तर दिवसाचे ८६,४०० थेंब, वीस थेंबांचा मिलीलीटर धरला तरी चार लिटरच्या वर पाणी, आणि ते सगळं तुमच्या भिंतीत. सकाळी कागद कोरडा असेल तर वाटीच्या कडेनं पांढरं सिमेंट भर. ओला असेल तर मला फोन कर, मी पाच वाजता उठलेला असतो.

आणि जुना नळ भंगारवाल्याला देऊ नकोस. वजनदार पितळ आहे, पण त्यासाठी नाही. त्याचे आटे मला बघायचेत.